वाघाचे पट्टे, गव्याची पाठ आणि कॅमेऱ्याचा फोकस

ताडोबाच्या जंगलात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस पट्टेरी वाघावर चटकन बसतो. पण काळ्या रानगव्याच्या पाठीवर रोखताच भिंग पुढेमागे घुटमळू लागते. असे का व्हावे?

एक साधा प्रयोग करा. बोट डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसेल. बोट जवळ आणा, सरकणे वाढेल. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात हेच तत्त्व वापरले होते. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा कॅमेरा ताडून पाहतो. त्यांच्यातील अंतरावरून भिंग किती आणि कोणत्या दिशेला हलवायचे हे त्याला कळते.

मात्र ताडून पाहायला प्रतिमेत खूण हवी. वाघाचे पट्टे ही उत्तम खूण. एकरंगी पाठीवर ती नाही. म्हणून गव्याच्या बाबतीत फोकसबिंदू शिंगाच्या किंवा पांढऱ्या पायमोज्याच्या कडेवर ठेवावा. सर्व बिंदू चालू ठेवले, तर कॅमेरा बहुधा जवळची वस्तू निवडतो; चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ती बांबूची काडी असू शकते! अशा वेळी एकच बिंदू बरा.

प्रकाशही पुरेसा हवा. एफ/४ च्या भिंगाला दुप्पट वर्धक जोडला की ते एफ/८ होते, म्हणजे प्रकाश चौथा हिस्सा. संध्याकाळी फोकस मंदावतो तो यामुळे.

आता हालचाल पाहू. ४०० मिमी नाभीय अंतर, एफ/५.६ आणि वाघ १० मीटरवर असताना क्षेत्रखोली सुमारे २१ सेमी असते. त्यातली अर्धी वाघाच्या पुढे. सेकंदाला १.५ मीटर वेगाने आपल्याकडे येणारा वाघ ०.१ सेकंदात १५ सेमी सरकतो, म्हणजे स्पष्टतेच्या बाहेर पडतो. येथे एकदाच बसणारा फोकस उपयोगाचा नाही. सतत मोजून पुढची जागा अंदाजणारा हवा. एफ/११ केल्यास खोली दुप्पट होईल. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस करताना छिद्र उघडेच असल्याने त्याचा वेगही घटणार नाही. पण १/५०० सेकंदाऐवजी १/१२५ सेकंद लागतील आणि वाघाचे पाय पुसट येतील.

व्याघ्रगणनेसाठी झाडाला बांधलेल्या कॅमेरा-सापळ्यांत मात्र बहुधा स्वयंचलित फोकस नसतोच. लहान नाभीय अंतराच्या भिंगाची क्षेत्रखोली मोठी असते, म्हणून फोकस कायमचा ठरवून ठेवता येतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि त्यांवरूनच वाघ ओळखला जातो. पट्टे पुसट आले, तर तो वाघ मोजणीतून सुटू शकतो. जेथे चूक परवडत नाही, तेथे साधी रचनाच भरवशाची ठरते.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. क्षेत्रखोली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग तोच वाघ २० मीटरवर असेल, तर स्पष्टतेच्या बाहेर पडायला त्याला किती वेळ लागेल?