नडगीच्या फ्रॅक्चरमुळे मुलाला घरी पाठवतील का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात ट्रेनिंग घेतोय. नडगीला बारीक फ्रॅक्चर निघालंय, ‘मेडिकल बोर्ड लागेल’ म्हणतात. सगळं संपलं का?
– एक वडील

उत्तर : नाही, अजून काहीच संपलेलं नाही. धावणं एकदम वाढलं की रिक्रूटांना असं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं आणि बहुतेक वेळा विश्रांतीने भरूनही येतं. मागे पडलेल्या मुलाला पुढच्या तुकडीत बसवता येतं. मला काळजी वाटते ती दुखणं लपवणाऱ्यांची. बोट दाबलं की नेमक्या एका जागी कळ उठते, तरी पोरं दात-ओठ खाऊन पळतात आणि भेगेचं पुरतं मोडलेलं हाड होतं. फोनवर आधी त्याला हे सांगा.

बोर्ड लागलंच, तर ‘दुखापत सेवेमुळे’ हा शेरा सर्वांत मोलाचा. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सर्वसाधारणपणे सेवेमुळे झालेला धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात म्हटलंय. अग्निवीराला पेन्शन नाही. सेवेमुळे आलेलं अपंगत्व 50, 75 किंवा 100 टक्के ठरलं, तर 15, 25 किंवा 44 लाख मिळतात. पण नडगीच्या दुखण्यावर ही रक्कम मिळेलच, असं गृहीत धरू नका.

दुखापतीचा अहवाल, एक्स-रे आणि बोर्डाच्या कागदांची प्रत मुलाला मागून घ्यायला सांगा. कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती दाखवा. निर्णय चुकीचा वाटला तर आधी वरिष्ठांकडे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं मुंबईत खंडपीठ आहे.