बिनतारी जाळ्यांची निवड

संगणकांतील ज्या चिमुकल्या यंत्राच्या योगानें तो तारेवांचून इतर यंत्रांशीं बोलतो, त्यास बिनतारी ॲडाप्टर म्हणतात. तें कोणाशीं बोलतें, इकडे मात्र आपण क्वचितच लक्ष देतों. १९९७ सालीं या व्यवहाराचे जे नियम ठरले, त्यांत जाळ्यांचे दोन प्रकार मानिले आहेत. एकांत मध्यें ॲक्सेस पॉइंट नांवाचें केंद्र असतें. घरांतील वाय-फाय याच जातीचें. दुसऱ्यांत केंद्र नसून संगणक परस्परांशीं थेट जोडले जातात. त्यास 'ॲड हॉक' असें लॅटिन नांव आहे.

हा दुसरा प्रकार मुळांत वाईट नव्हे. शेजारीं बसलेल्या दोघांस कागदपत्रें देण्याघेण्यास तो सोयीचाच. परंतु अनोळखी संगणकाशीं संबंध जुळल्यास, आपण इतरांसाठीं खुलीं ठेविलेलीं कागदपत्रें त्यासही दिसूं शकतात. २००६ च्या सुमारास अमेरिकेंतील विमानतळांवर 'फ्री पब्लिक वायफाय' हें नांव जिकडेतिकडे दिसूं लागलें. फुकट म्हटलें कीं मनुष्याचा हात पुढें होतोच! वास्तविक तेथें इंटरनेट नव्हतेंच. होता तो कोणा प्रवाशाचा संगणक. जो त्यास जोडला जाई, त्याच्या विंडोज एक्सपीच्या यादींत तें नांव राही; आणि पुढें ओळखीचें जाळें न मिळाल्यास त्याचाच संगणक तें नांव पुकारूं लागे. रोगजंतु नसतांही साथ पसरावी, तसा हा प्रकार. २००८ मधील तिसऱ्या सर्व्हिस पॅकनें हा दोष दूर केला.

त्यापूर्वींही उपाय हाताशीं होता. एक्सपीच्या बिनतारी जोडणीच्या 'ॲडव्हान्स्ड' भागांत तीन पर्याय असत: कोणतेंही जाळें, केवळ ॲक्सेस पॉइंटचें, किंवा केवळ परस्परांचें. मधला निवडला कीं ॲड हॉक जाळ्याशीं गांठच पडत नसे. पुढील विंडोजमध्यें 'नेटश' या आज्ञेनें ॲड हॉक प्रकारास सरसकट मनाई करितां येते.

तथापि पालकांनीं एवढ्यानें निर्धास्त होऊं नये. हा निर्बंध जाळ्याची जात तपासतो, मालक नव्हे. ॲक्सेस पॉइंट मांडून त्यास ओळखीचें नांव कोणीही देऊं शकतो. यासाठीं प्रवासांतून परतल्यावर मुलांनीं यादींतील उपाहारगृहांचीं व स्थानकांचीं नांवें काढून टाकावीं, आणि 'आपोआप जोडा' ही खूण घरच्या जाळ्यापुरतीच ठेवावी.