काम देणाराच पैसे मागतो तेव्हा…

प्रश्न : घरबसल्या मराठी लेखनाचं काम देतो म्हणून एका कंपनीने दीड हजार रुपये नोंदणी शुल्क मागितलंय. भरावं का? माझं इंग्रजी बेताचं आहे. ऑनलाइन काम मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पैसे भरू नका. खरं काम देणारा लेखकाकडून शुल्क किंवा अनामत घेत नाही. आधीच भरले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

इंग्रजीवाचून अडत नाही. मुद्रितशोधन, हिंदीतून अनुवाद, ऑडिओकथांच्या संहिता अशी कामं मराठीतही असतात. आधी एक लेख आणि एका हिंदी उताऱ्याचा अनुवाद असे नमुने तयार ठेवा. दर शब्दामागे असेल, तर शब्द मुळातले मोजणार की अनुवादातले, दुरुस्त्या किती वेळा आणि पैसे कधी, हे ई-मेलवर लेखी घ्या. चाचणीसाठी दोनशे शब्द ठीक. अख्खं प्रकरण फुकट मागितलं, तर सरळ नाही म्हणा.

मानधनातून कर कापला गेला, तर विवरणपत्र भरा. देणं लागत नसेल तर तो परत मिळतो. सुरुवातीला कामं तुरळक येतील, म्हणून घरखर्च त्यावर बांधू नका. जम बसतो, जरा वेळ लागतो इतकंच.