किडनीत कॅल्शियम साचलंय? आधी स्वस्त तपासण्या करा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘नेफ्रोकॅल्सिनोसिस’ दिसलं की घरचे मुतखडा समजून थेट सीटी स्कॅनला धावतात. थांबा. मुतखडा किडनीच्या पोकळीत किंवा नळीत बसतो. इथे कॅल्शियम किडनीच्या मांसातच साचलेलं असतं. ते दोन्ही किडन्यांत असेल, जोडीला पोटॅशियम कमी आणि हातापायांत बळ नसेल, तर ‘रीनल ट्यूब्युलर अ‍ॅसिडोसिस’ची शंका घ्यावी लागते. यात रक्तातलं आम्ल लघवीवाटे पुरेसं बाहेर पडत नाही.

खालचे दर शहरातल्या खासगी लॅबचे, अंदाजे आहेत.

पहिला टप्पा : १,००० ते २,५०० रुपये
क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस आणि लघवीची रुटीन तपासणी. ‘इलेक्ट्रोलाइट्स’ म्हटलं की बऱ्याच लॅब सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे तीनच आकडे देतात; बायकार्बोनेट चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्या. ते २२च्या खाली, क्लोराइड चढलेलं आणि तरीही लघवीचा पीएच ५.५च्या वर असेल, तर शंका बळावते. रक्तातलं कॅल्शियमच वाढलेलं असेल, तर पॅराथायरॉइड ग्रंथीकडे बघावं लागतं.

रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. लघवी ताजीच द्या. तासन्‌तास ठेवलेल्या नमुन्याचा पीएच बदलतो.

दुसरा टप्पा : २,००० ते ५,००० रुपये
एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू व आम्लता मोजणारी तपासणी) आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम व सायट्रेट. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीसुद्धा. एकदा जरी विसरलात, तर पैसे वाया. कॅन लॅबकडूनच घ्या. त्यात आधीच आम्ल घातलेलं असू शकतं, ते ओतू नका.

तिसरा टप्पा : गरज असेल तरच
पॅराथायरॉइड हार्मोन १,००० ते २,००० रुपये. डोळे-तोंड कोरडं पडत असेल, तर शोग्रेन आजारासाठी अँटिबॉडी तपासण्या. मूल वाढत नसेल, तर जनुकीय चाचणी. तिचा खर्च बहुधा पाच आकडी, म्हणून नेफ्रॉलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय नको. अशा मुलांची ऐकण्याची क्षमताही तपासून घ्या. सीटी स्कॅन ३,००० ते ६,०००. खडा अडकल्याची शंका असेल तेव्हाच.

पैसे कुठे वाचतात?
महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. सुरुवातीच्या तपासण्यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांचे दर वेगळे. केसपेपर काढतानाच विचारा.

मात्र पाय उचलत नसतील, छातीत धडधड होत असेल किंवा श्वास लागत असेल, तर दर विचारत बसू नका. तातडीच्या विभागात जा.

आजार वेळीच कळला, तर उपचाराचा मुख्य भार पोटॅशियम सायट्रेट किंवा बायकार्बोनेट यांसारख्या साध्या औषधांवर असतो. तेव्हा लॅबच्या खिडकीशी पैसे भरण्याआधी चिठ्ठी एकदा वाचा : ‘बायकार्बोनेट’ लिहिलंय ना?