टचपॅड वर उचलला तेव्हा

जून उजाडला, वारा सुटला की सफाळ्यात लाइट जाणार हे धरूनच चालायचं. मी घरी बसून गावातल्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. 20 तारीख जवळ आलेली असताना लाइट गेली, तर लॅपटॉपच्या बॅटरीवरच सगळी भिस्त. ती आधी दोन-अडीच तास टिकायची. मग तासावर आली, आणि पुढे पुढे तर चाळीस टक्के दाखवता दाखवता लॅपटॉप थेट बंद पडू लागला. बॅटरी थकली एवढं त्यातून कळत होतं.

पण त्याच सुमारास टचपॅडचं क्लिक अडकायला लागलं. दाखवायला नेला तर दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, टचपॅड गेलाय. बॅटरी काय, चालवा अजून सहा महिने." मला ते पटेना, कारण झाकण मिटल्यावरही पुढच्या कडेला फट राहत होती. ओळखीतला एक मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरची देखभाल पाहतो. रविवारी तो घरी आला आणि त्याने खालचे स्क्रू काढले. बॅटरीचे चपटे सेल उशीसारखे फुगले होते आणि खालून टचपॅडला ढकलत होते. "काकू, आता हा चार्जिंगला लावायचाच नाही," तो म्हणाला.

लिथियम-आयन सेल जुना झाला, की आतलं रासायनिक द्रावण विघटित होऊन वायू तयार होतो. पाकीट हवाबंद असल्याने तो आतच साठतो. उष्णता आणि कायम शंभर टक्क्यांवर राहणं, या दोन्हींनी हे लवकर घडतं. घरून काम करणाऱ्यांचा लॅपटॉप तर दिवसभर चार्जरलाच असतो. म्हणून टचपॅड उचलला, तळ टेबलावर डगमगू लागला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर आधी बॅटरीचा संशय घ्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. फुगवटा दाबू नका, टोचू नका. बॅटरी डिंकाने चिकटवलेली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका. आतला पातळ पडदा फाटला की आग लागू शकते. आणि फुगलेली बॅटरी सॅकमध्ये घालून सकाळच्या डहाणू लोकलच्या गर्दीत तर मुळीच शिरू नका. जमलं तर कारागिरालाच घरी बोलवा.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या असतात, तेव्हा जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज ताडून पाहा. लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. उत्पादनाची तारीखही बघा, कारण बॅटरी कपाटात पडूनसुद्धा म्हातारी होते. बिलावर वॉरंटीची मुदत लिहून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

बसवल्यावर त्याच दिवशी तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (इंग्रजी अक्षरांत) टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसते. मला आधी बसवून दिलेल्या स्वस्त बॅटरीत दुसरा आकडा लेबलपेक्षा फारच कमी निघाला; मी ती परत केली आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रातून मागवली. महाग पडली, पण त्या पैशांची मला खंत नाही. तरी हा आकडा बॅटरीतली चिपच सांगते, आणि नकली चिप खोटं सांगू शकते. म्हणून चार्जर काढून, नेहमीचं काम करत ती खरोखर किती वेळ टिकते तेही पाहा.

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावून ठेवा. लाइट जाण्याची लक्षणं दिसली की तेवढ्यापुरती काढा. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका, तो बिचारा ती हातोडीने फोडेल. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतानाच "जुनी ठेवून घ्या" म्हणा. माझी त्या केंद्राने ठेवून घेतली.