पाठकोरा कागद

१९४७ सालच्या जून महिन्याची २ तारीख होती. महात्मा गांधी दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांच्या भेटीस गेले होते. देशाच्या फाळणीचा प्रश्न पुढे उभा होता. परंतु तो दिवस सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा होता. जे सांगावयाचे, ते त्यांनी लिहून दाखविले. कशावर? जुन्या, वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर! एवढ्या कठीण प्रसंगीही कागद वाया न घालविण्याचा आपला नेम त्यांनी मोडला नाही.

एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदास मराठीत ‘पाठकोरा’ म्हणतात. असा कागद टाकाऊ नव्हे. त्याचे निम्मे आयुष्य अजून उरलेले असते.

कागद जपावयाचा तो केवळ पैशासाठी नव्हे. आज बहुतेक कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यासाठी झाडे तोडावी लागतात. पाणी व इंधनही पुष्कळ लागते. गिरणीचे सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर नदी दूषित होते. रद्दीपासून पुन्हा कागद करता येतो, हे खरे. पुण्यास १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत तर सुती चिंध्यांपासूनही कागद होऊ लागला. परंतु रद्दीचा लगदा करताना दर खेपेस तंतू आखूड व दुबळे होत जातात. म्हणून कागद रद्दीत घालण्यापूर्वी तो पुरता वापरणे, हेच अधिक शहाणपणाचे.

वर्गातील हिशेब करून पाहावा. मुले ४०, प्रत्येकाच्या वह्या ५. वर्षअखेर प्रत्येक वहीत १० पाने कोरी राहिली, तर ती २,००० पाने होतात. त्यांतून १०० पानांच्या २० वह्या शिवता येतील! दोरा, सुई आणि थोडा वेळ, एवढेच भांडवल. कच्ची आकडेमोड पाटीवर किंवा पाठकोऱ्या कागदावर करावी. सर्वांसाठी असलेली सूचना फळ्यावर लिहावी.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. लिहावयाचे ते भरपूर लिहावे; मात्र कोरे पान फाडून फेकू नये. पान फाडण्यास क्षण पुरतो. झाड वाढण्यास वर्षे लागतात.

स्वाध्याय
१. गांधीजींनी आपले म्हणणे लिहून का दाखविले?
२. रद्दीपासून कागद होत असतानाही तो जपून का वापरावा?
३. आपल्या वर्गातील जुन्या वह्यांची कोरी पाने मोजून त्यांच्या किती वह्या होतील, ते काढा.