आगटी पेटवण्याआधी

दसऱ्याच्या आगेमागे पेरलेली ज्वारी पौषात चिकात आली, की टेंभुर्णीच्या शिवारात आगट्या पेटतात आणि दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो: "डॉक्टर, मला शुगर आहे, हुरडा चालंल का?"

चालेल. चिकातल्या दाण्यातली साखर अजून पुरती पिठात गेलेली नसते, म्हणून सुरती, गुळभेंडी ही हुरड्याची वाणं गोड लागतात. पण दाणा कोंड्यासकट पोटात जातो, तंतूही मिळतो. वाटीभर खा आणि त्या जेवणातली भाकरी कमी करा. साखर जास्त चढते ती सोबतच्या गुळानं, गोडीशेवेनं आणि उसाच्या रसानं. त्याऐवजी दही घ्या. रक्तदाब असेल तर चटणी बोटाच्या टोकाएवढीच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐका. गोवऱ्यांचा निखारा होऊन, कणसं भाजून, चोळून, पाखडून पहिला घास हाती यायला दीड-दोन तास सहज जातात. घरून सुई टोचून उपाशीपोटी शेतात येऊन बसलात, तर साखर एकदम उतरते. घाम सुटला, हात थरथरले, तर तिथलाच गूळ लगेच तोंडात टाका. सुई हुरडा समोर आल्यावरच घ्या.

काही जण विचारतात, कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, मग हुरड्याचं काय? ते विष कोवळ्या पोंग्यात आणि फुटव्यात असतं. भरलेल्या दाण्याची भीती बाळगू नका.

मला खरी काळजी लहान मुलांची वाटते. एका वर्षी दोन वर्षांचं लेकरू खोकतंय म्हणून आणलं. घरच्यांना सर्दी वाटत होती. छातीला स्टेथोस्कोप लावला, तर उजव्या बाजूला हवाच कमी जात होती. हुरड्यासोबतचा भाजका शेंगदाणा श्वासनळीत अडकला होता. संभाजीनगरला पाठवून दुर्बिणीनं काढावा लागला. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, सोलाणे देऊ नका. हुरडा ठेचून, मांडीवर बसवून भरवा. पळताना, हसताना घास नको. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला तर पालथं धरून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा मारा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

हरभऱ्याचा टहाळ उपटून तसाच तोंडात घालायची आपली सवय आहे. घाटेअळीवर फवारणी कधी झाली, हे आधी शेतमालकाला विचारा. अलीकडची असेल तर त्या वावरातला टहाळ खाऊच नका. धुतल्यानं सगळं औषध जात नाही.

आणि आगटीजवळ पाण्याची भरलेली घागर असू द्या. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. स्वच्छ सुती फडकं सैल गुंडाळा आणि दवाखान्यात या.